पैसे पडेपर्यंत

कॉलेजचा प्रवेश जून ते ऑगस्टमध्ये होतो. फी तेव्हाच भरायची, खोलीचं डिपॉझिट त्याच महिन्यात द्यायचं आणि मेसवाल्याला ॲडव्हान्सही त्याच आठवड्यात. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र प्रवेश झाल्यावर. तो आधी कॉलेज तपासणार, मग जिल्ह्याचं कार्यालय, आणि रक्कम खात्यात पडते तेव्हा कित्येकदा पुढच्या वर्षाचा प्रवेश तोंडावर आलेला असतो. घरून यायचे पैसेही आपल्या वेळेनेच येतात. सोयाबीनचे दिवाळीच्या आगेमागे, कापसाचे त्यानंतर, उसाचे कारखान्याच्या मर्जीने. विद्यार्थ्यांच्या अडचणींवर बोलताना आपण पैसे कमी आहेत एवढंच धरून चालतो. कमी तर असतातच. पण निदान निम्मा प्रश्न ते उशिरा येण्याचा आहे. खर्च आधी आणि आवक नंतर, यातलं अंतर कोण सोसतं आणि त्याची काय किंमत लावतं, यावर शिक्षण पुरं होणार की अर्ध्यावर सुटणार हे ठरतं. अकरावीपासून पहिल्या पगारापर्यंतच्या सात-आठ वर्षांकडे मी इथे याच बाजूने पाहणार आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील गेल्यावर थोरल्या भावाने शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिना पंधरा रुपये, त्यातले आठ तो गोपाळला पाठवायचा. त्या काळच्या पुण्यात गरीब ब्राह्मण मुलांसाठी वार लावून जेवण्याची सोय होती, म्हणजे सात दिवस सात घरी. ते न जमल्यास माधुकरी. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलंही आधी माधुकरीवरच शिकली. या सोयीचं कौतुक पुष्कळ झालं आहे. तिचं दार जातीच्या उंबऱ्याशी थांबत होतं, हे मात्र त्या मानाने कमी लिहिलं गेलं. ज्याला कोणी ओसरीवरही घेणार नाही त्याने वार कुठे लावायचा?

त्याचं उत्तर कोल्हापुरात मिळालं. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. जातवार वसतिगृहं काढल्याबद्दल महाराजांवर टीकाही झाली. पण त्यांनी मुलांच्या हाती रक्कम ठेवली नाही, छप्पर आणि ताट दिलं, आणि तेही पहिल्या दिवसापासून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग काढलं. मुलांना दोन वेळचं घालायला घरात काही उरलं नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. हिशेबाच्या भाषेत मात्र ती मधल्या अंतराची गोष्ट आहे. देणग्या येणार होत्या, मदत येणार होती, पण मुलं आज जेवणार होती.

याच अंतराचं सगळ्यात बोलकं उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचं. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट. लंडनचं शिक्षण अर्धवट असताना शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली त्यांना परतावं लागलं. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसनं घेतलं आणि १९२० साली लंडनला परत गेले. एवढ्या प्रज्ञेच्या माणसाचीही तीन वर्षं पैशाची जुळणी करण्यात गेली. केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू केली, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते.

आज ती शिष्यवृत्ती आणि राज्याच्या बऱ्याचशा योजना महाडीबीटी या एका पोर्टलवर आहेत. कागदावर यादी भरघोस आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला कॉलेजात अजून सगळे 'ईबीसी'च म्हणतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयं, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार, शिवाय पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता. जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क शंभर टक्के माफ झालं. त्याआधी ते निम्मं होतं. दुसऱ्या मुलीलाही इंजिनिअरिंगला घालू, असं म्हणायला घरांना या निर्णयाने वाव दिला, म्हणून त्याचं मोल मला मोठं वाटतं.

पण पोर्टलवरून खात्यापर्यंतचा रस्ता ज्याने तुडवला त्यालाच ठाऊक. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. यातला एक कागद सेतू केंद्रात अडकला की सगळी गाडी थांबली. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, कारण तपासणारा क्लार्क एक आणि अर्ज हजारभर. कधी त्रुटी काढून तो परत येतो आणि मुलाला ते दोन महिन्यांनी कळतं, कारण फॉर्म भरताना दिलेला मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा होता. मंजुरी मिळाली तरी काही योजनांत पोर्टलवर जाऊन 'रिडीम'चं बटण दाबावं लागतं. ते दाबायचं असतं हे कोणी सांगितलं नाही तर रक्कम तशीच पडून. सगळ्यात चकवा देणारी गोष्ट आधारची. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही, आधारशी जे खातं सीड झालेलं आहे त्यात ते पडतात. शाळेत असताना कुणीतरी काढून दिलेलं, पासबुक हरवलेलं, गावच्या बँकेतलं एखादं खातं असतं, त्यात शिष्यवृत्ती येऊन बसलेली असते आणि मुलगा पुण्यात 'पडले का, पडले का' करत असतो.

त्यात कॉलेजांचा पवित्रा. पात्र विद्यार्थ्याकडून आधी पूर्ण फी घेऊ नये, असं शासन वारंवार सांगतं. कॉलेजचं म्हणणं असतं की सरकारकडून आमचे पैसे दोन-दोन वर्षं थकतात, प्राध्यापकांचे पगार कुठून करायचे. दोघांचंही खरं आहे, म्हणून भार तिसऱ्यावर पडतो. 'आत्ता भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ' हे वाक्य महाराष्ट्रात न ऐकलेला पालक विरळा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्याने कॉलेजला भरायची असते. कल्पना चांगली आहे. पण घरात आजारपण निघालं त्याच आठवड्यात खात्यात रक्कम आली, तर ती फीची आहे हे कोणाला आठवणार?

रकमा तरी केवढ्या? याच शिष्यवृत्तीत व्यावसायिक पदवीच्या गटातल्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता वर्षाला १३,५०० रुपये आहे. म्हणजे महिन्याला ११२५. पुण्यात दोन वेळची मेस याच्या दुपटीतही मिळणं अवघड. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद आहे. तो आकडा जगण्याजोगा आहे, पण महिन्याच्या महिन्याला पाच हजार पडले तर. हप्ते उशिरा आणि एकगठ्ठा आले की ते भाड्याचे उरत नाहीत, मागची उधारी फेडण्याचे होतात.

शहरात आलेल्या मुलाचा खर्च तीन ठिकाणी ठरतो. कॉट, मेस आणि प्रवास. खोली घेणं ही चैन आहे, बहुतेकांना परवडते ती कॉट. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत एका खोलीत चार-पाच जण 'कॉट बेसिस'वर राहतात. डिपॉझिट सोडताना परत मिळेल म्हणतात, पण रंगाचे, पंख्याचे, नोटीस न दिल्याचे कापून जे उरतं ते. लेखी करार क्वचितच असतो. मेसमध्ये सगळी मेख खाड्यांत. सुट्टीला गावी गेल्यावर किती दिवसांचे पैसे वजा होणार, सलग तीन दिवसांचाच खाडा धरणार की एका दिवसाचाही, हे पहिल्याच दिवशी विचारून घेणारा मुलगा मला पुढे जमाखर्चात पक्का होणारा वाटतो. ज्यांचं गाव टप्प्यात आहे त्यांना अजून एसटीने डबा येतो. आई सकाळी सातच्या गाडीत ठेवते, मुलगा दहाला स्टँडवर उतरवून घेतो. एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना दोन-तृतीयांश सवलत आहे आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून प्रवास फुकट. तालुक्याच्या कॉलेजात मुलींची संख्या टिकून राहण्यात या फुकट पासाचा वाटा भाषणांपेक्षा मोठा आहे.

शिकता शिकता कमवावं, हा सल्ला भाऊरावांच्या महाराष्ट्रात द्यावा लागत नाही. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर उभं राहिलं, तिथली मुलं शेतात आणि बांधकामावर राबून शिकली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि त्याच्या कॉलेजांत कर्मवीरांच्या नावाची कमवा व शिका योजना आजही आहे. ग्रंथालय, कार्यालय, बाग यांत रोज दोन-तीन तासांचं काम आणि तासावर मोबदला. काम हलकं, आवारातच आणि तासिका सांभाळून असल्यामुळे ही मला सगळ्यात शहाणी योजना वाटते. तिच्यातल्या जागा अपुऱ्या आणि दर तोकडा, एवढीच तक्रार.

त्याबाहेर बाजार आहे. दहावीच्या शिकवण्या, लग्नसराईत केटररकडे वाढप, कॉल सेंटरची रात्रपाळी आणि आता डिलिव्हरी. डिलिव्हरीला मुलं का वळतात यावर बरंच नाक मुरडलं जातं. कारण साधं आहे, तिथे आठवड्याला पैसे मिळतात. शिष्यवृत्ती वर्षाने येते, पगार महिन्याने, आणि घरभाडं कोणासाठी थांबत नाही. मात्र पेट्रोल, दुचाकीचा हप्ता, टायर आणि एखादा अपघात वजा केला की उरणारी रक्कम ॲपवर दिसणाऱ्या आकड्याहून बरीच लहान असते, आणि या कामाची बायोडेटात ओळ होत नाही. पदवीशी जोडलेलं काम कमी पैशाचं असलं तरी जवळ करावं, असं माझं मत. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली २०१९ च्या नियमांनी शिकाऊ उमेदवाराला शिक्षणाप्रमाणे दरमहा किमान पाच ते नऊ हजार विद्यावेतन ठरवलं. राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीधरांना दहा हजार देऊ केले. मुदत सहा महिने. मुलं शासकीय कार्यालयांत रुजू झाली, कामाला लागली आणि सहा महिन्यांनी पुढे काय म्हणून मोर्चे काढू लागली. मग मुदत वाढवावी लागली. प्रशिक्षणाला नोकरी समजण्याची चूक मुलांची, असं म्हणणं सोपं आहे. ज्या टेबलावर बसवलं तिथलं पद वर्षानुवर्षं रिकामं होतं, हे त्यांना दिसत होतं.

हे सगळं कमी पडलं की कर्ज. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि पुढे साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेचा आधार असतो. अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष एवढा काळ हप्ता सुरू होत नाही. हा काळ व्याजमुक्त असतो, असा समज घराघरांत आहे. तो महागात पडतो. दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख असं चार वर्षांत चार लाख उचललं, दर दहा टक्के धरला आणि सवलतीचा काळ धरून पाच वर्षं व्याज भरलंच नाही, तर सरळव्याजानेही एक लाख चाळीस हजार साठतात. हप्ता सुरू होतो तो पाच लाख चाळीस हजारांवर. शिकत असतानाच महिन्याला हजारभर रुपये व्याजापोटी भरत राहिलं, तर हे व्याजाचं ओझं साधारण एक-तृतीयांशाने हलकं होतं, आणि बँक ते घ्यायला कधीच नाही म्हणत नाही. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी या काळातलं पूर्ण व्याज केंद्राकडून मिळू शकतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत आठ लाखांपर्यंतच्या घरांना दहा लाखांच्या कर्जावर तीन टक्क्यांची सूट आहे, पण निवडक संस्थांसाठीच. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी पाहावं.

गावात मात्र बँकेच्या आधी सोनं तारण ठेवलं जातं, नाहीतर पतसंस्था. कारण पुन्हा वेळेचंच. बँकेचं कर्ज मंजूर व्हायला आठवडे लागतात आणि प्रवेश निश्चित करायला दिलेले असतात तीन-चार दिवस. बांगड्या सकाळी नेल्या की दुपारी पैसे हातात. कर्ज नंतर मंजूर होतं, बांगड्या तिथेच राहतात, आणि घरात मुलगी आणि मुलगा दोघं शिकत असतील तर त्या कोणाच्या प्रवेशासाठी गेल्या, हे विचारायची गरज बहुधा पडत नाही.

परदेशात जाणाऱ्यांना हे अंतर आधीच भरून दाखवावं लागतं. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हवा तर सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवायचे, आणि तिथे गेल्यावर त्यातले दरमहा ९९२ युरो हाती येतात. शिक्षण जवळजवळ फुकट, अशी ख्याती ऐकून आपली मुलं जर्मन भाषेच्या वर्गांना गर्दी करतात. महाराष्ट्राने कुशल कामगार पाठवण्याचा करार २०२४ साली ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी केला, तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे, हे मात्र बऱ्याच जणांना उशिरा कळतं. तरीही जर्मन पद्धतीतला विचार मला पटतो. मुलाकडे वर्षभराच्या जेवणा-भाड्याचे पैसे आहेत का आणि ते त्याला महिन्याच्या महिन्याला मिळतील का, एवढंच ते सरकार पाहतं. आपल्याकडे प्रवेश देताना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

सगळ्यात लांबलेलं अंतर स्पर्धा परीक्षांचं. पदवी झालेला मुलगा पेठेत येतो, अभ्यासिकेत सीट घेतो, क्लास लावतो आणि घरी सांगतो, दोन वर्षं द्या. खुल्या गटाला राज्यसेवेची कमाल वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. दार इतका काळ उघडं असलं की बाहेर पडायचं कधी, हे कोणीच ठरवत नाही. जाहिरात लांबते, पूर्वपरीक्षा पुढे जाते. मार्च २०२१ मध्ये १४ तारखेची परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्वपरीक्षेच्याच दिवशी बँकांची परीक्षा आली म्हणून शास्त्री रस्त्यावर पुन्हा ठिय्या. बाहेरच्याला हा आठवड्याभराचा प्रश्न वाटतो. खोलीचं भाडं, मेस आणि अभ्यासिका यांचा महिना आधीच सरलेला असतो, हे त्याला दिसत नाही. आणि पोस्ट निघाली म्हणजे सुटलो असंही नाही. राज्यसेवेचा निकाल जून २०२० मध्ये लागून निवड झालेले ४१३ जण मराठा आरक्षणावरच्या स्थगितीनंतर वर्षाहून अधिक काळ नियुक्तीविना राहिले. गावात सत्कार झालेले, फेटे बांधून फोटो निघालेले, आणि हातात पगार नाही. शेतावर मजुरीला गेलेल्या निवडप्राप्त अधिकाऱ्यांच्या बातम्या त्या काळात आल्या.

क्लासवाले यशस्वी मुलांचे फोटो लावतात, त्यात गैर काही नाही. पण बाविसाव्या वर्षी आलेल्या मुलाने आणि त्याच्या वडिलांनी एक तारीख कागदावर लिहून ठेवावी, असं मी आवर्जून सांगेन. त्या तारखेनंतर तयारी चालू राहिली तरी नोकरी करता करता. दोन वर्षं घरच्यांनी पोसलं हे अनेकांना जाणवतं, न कमावलेल्या पगाराची आणि न मिळालेल्या अनुभवाची वजाबाकी मात्र कोणीच मांडत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी खाजगी नोकरीच्या मुलाखतीत 'सहा वर्षं काय केलंत' या प्रश्नाला 'एमपीएससी' एवढं उत्तर पुरत नाही, दुर्दैवाने.

खाजगी नोकरीतही ऑफर लेटर आणि पहिला पगार यांच्यात दरी असते. बड्या आयटी कंपन्यांत साध्या पदवीधर इंजिनिअरचं सुरुवातीचं पॅकेज दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतंय, भाडी मात्र घुटमळली नाहीत. २०२२ नंतरच्या मंदीत ऑफर हाती असलेल्या मुलांना रुजू व्हायला वर्ष-दीड वर्ष थांबवल्याच्या तक्रारी झाल्या. ज्यांना वेळेवर बोलावलं त्यांचा पहिला धक्का सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर करणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाच्या आकड्याचा. साडेतीन लाख भागिले बारा म्हणजे एकोणतीस हजार, असा हिशेब घरी सांगितलेला असतो. त्यातून पीएफ जातो, बहुधा तुमचा आणि कंपनीचा दोन्ही वाटे याच आकड्यात धरलेले असतात. एरवी पाच वर्षं टिकल्यावर मिळायची ग्रॅच्युइटी त्यातच, विम्याचा हप्ता त्यातच, कामगिरीवर अवलंबून असलेला भागही त्यातच. महाराष्ट्राचा व्यवसाय कर महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो २०२३ पासून माफ आहे. हातात चोवीस-पंचवीस हजार येतात. कोणी फसवलेलं नसतं, कागद नीट वाचलेला नसतो एवढंच. जिथे कायम नोकरीऐवजी 'कन्सल्टंट' म्हणून घेतात आणि दहा टक्के टीडीएस कापतात, तिथे वर्षअखेरीस विवरणपत्र भरून तो परत मागावा. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत कर लागत नसताना आपले कापलेले पैसे सरकारकडे ठेवण्याचं कारण नाही. मूळ गुणपत्रिका आणि टीसी कंपनीकडे गहाण ठेवू नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली कॉलेजांनाही मूळ कागद अडकवून ठेवायला मनाई केली आहे, मग कंपनीला ते कशाला?

पगार महिनाअखेर आणि डिपॉझिट महिन्याच्या सुरुवातीला, म्हणून पहिल्याच महिन्यात उसनवारी ठरलेली. इथे मोबाइल हजर असतो. पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲपं हे अंतर खरोखर भरून काढतात, म्हणूनच ती चालतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घातले. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यातच आले पाहिजेत, व्याजाचा वार्षिक दर लेखी द्यायला हवा, ठरावीक दिवसांत दंडाविना कर्ज परत करता आलं पाहिजे. जे ॲप हे पाळत नाही आणि फोनमधले सगळे नंबर मागतं, ते काढून टाकावं. त्या नंबरांचा उपयोग नंतर बहिणीला आणि मामाला फोन करून बदनामी करण्यासाठी होतो. चुकलेले हप्ते क्रेडिट स्कोअरमध्ये वर्षानुवर्षं दिसत राहतात आणि तिशीत घराचं कर्ज मागताना आडवे येतात.

त्याहून वाईट म्हणजे अंतर एका रात्रीत मिटवण्याचा मोह. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या पाहणीनुसार फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी तीन वर्षांत पैसे गमावले, सरासरी प्रत्येकी दोन लाखांच्या आसपास. आणि तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. पैशांवर खेळायच्या ऑनलाइन गेमिंगवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. त्याआधी हॉस्टेलच्या किती खोल्यांत मेसचे पैसे त्यात गेले, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

आर्थिक साक्षरतेची शिबिरं हल्ली प्रत्येक कॉलेजात होतात. बहुतेकांत एसआयपी आणि चक्रवाढीचा तक्ता दाखवतात. बावीस वर्षांच्या पोराला साठीत कोटी मिळतील हे सांगणं चुकीचं नाही, पण त्याला पुढच्या ऑक्टोबरची चिंता असते. त्याला बारा महिन्यांचा एक कागद आखून द्यावा. एका बाजूला कोणत्या महिन्यात काय भरायचं, दुसऱ्या बाजूला कोणत्या महिन्यात कुठून काय येणार, आणि येणारं किती उशिरा येतं याचा मागच्या वर्षीचा अनुभव. मोकळे राहिलेले चौकोन घरच्यांना दिसले की कर्ज केवढं आणि कधी घ्यायचं हे प्रवेशाच्या गडबडीत ठरवावं लागत नाही. नोकरी लागल्यावर पहिली बचत तीन महिन्यांच्या भाड्या-जेवणाएवढी वेगळ्या खात्यात, मगच बाकीचं. नोकरी बदलताना पीएफ मोडू नये, पीएफचा तोच यूएएन क्रमांक पुढे चालू ठेवून खातं वर्ग करून घ्यावं.

शासनाची बाजू विद्यार्थ्याच्या हातात नाही. निर्वाह भत्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला देणं, वसतिगृहांची संख्या वाढवणं, कॉलेजांची थकबाकी वर्षाच्या आत मिटवणं, या मागण्या दर अधिवेशनात होतात. त्या मान्य होईपर्यंत विद्यार्थ्याला फक्त आपल्या बाजूचे दिवस कमी करता येतात. आधार कोणत्या खात्याशी जोडलेलं आहे हे बँकेत जाऊन अर्जाआधी पाहून घ्यावं. अर्जात मोबाइल नंबर स्वतःचाच द्यावा. कॉलेजच्या लॉगिनला अर्ज अडकला असेल तर क्लार्कला दर पंधरवड्याला भेटावं, फोनवर विसंबू नये. आणि उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, तो एप्रिलमध्येच नवा काढावा. जूनमध्ये तहसीलबाहेर रांग असते.